बघणाऱ्याचा आवाज

सीसीटीव्हीच्या चित्रणाला सहसा आवाज नसतो. सोसायटीच्या फाटकावर, बसस्थानकात, शाळेच्या व्हरांड्यात, सराफाच्या दुकानात टांगलेले कॅमेरे रात्रंदिवस टिपत राहतात आणि त्यांनी टिपलेलं बहुतेक सारं कुणीही न बघता काही दिवसांनी पुसलं जातं. चोरी किंवा अपघात झाला तरच ते चित्रण मागवलं जातं. आपल्याला कोण बघतंय हे चालणाऱ्याला ठाऊक नसतं. बघणाऱ्याला काय वाटलं, हेही कधी कुणाला कळत नाही. दोन्ही बाजू मुक्या असतात.

या मुकेपणाला बोलतं करण्याचं काम मुंबईतला ‘कॅम्प’ हा गट जवळजवळ दोन दशकं करत आला आहे. शाइना आनंद, अशोक सुकुमारन आणि संजय भांगर यांनी २००७ मध्ये तो सुरू केला. जगभरच्या कलादालनांत त्यांची ओळख व्हिडिओ-कलावंत अशी आहे. २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने त्यांच्या कामाचं स्वतंत्र प्रदर्शन भरवलं. मराठीत मात्र त्यांच्याविषयी फारसं लिहिलं गेलेलं नाही, आणि याची मला खंत वाटते; कारण त्यांनी उपस्थित केलेला प्रश्न आपल्या दारावरच टांगलेला आहे.

आनंद यांनी २००६ मध्ये दिल्लीच्या खिडकी एक्स्टेन्शनमध्ये ‘खिडकीयाँ’ हा प्रयोग केला होता. स्वस्तातले कॅमेरे, माइक, केबल आणि घराघरांतले टीव्ही एवढंच साहित्य. पडद्याचे चार भाग करून चार ठिकाणची माणसं एकाच वेळी एकमेकांना दिसतील, ऐकू येतील अशी जोडणी केली. मग गल्लीतली माणसं टीव्हीसमोर बसून टीव्हीतल्या शेजाऱ्यांशी बोलू लागली. व्हिडिओ कॉल घरोघरी पोचण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. नंतरच्या एका प्रयोगात, २००८ मध्ये मँचेस्टरमध्ये, सामान्य नागरिकांना सीसीटीव्हीच्या नियंत्रण कक्षात नेऊन बसवण्यात आलं. एरवी ज्या खोलीत त्यांना पाऊल टाकता आलं नसतं, तिथून त्यांनी आपलंच शहर पाहिलं.

माझ्या मते या वाटेवरचं कॅम्पचं सर्वांत मोठं काम जेरुसलेममधलं आहे. ‘द नेबर बिफोर द हाउस’ या नावाने ते ओळखलं जातं आणि २००९ ते २०११ या काळात ते आकाराला आलं. ही कल्पना सांगायला सोपी आहे. पॅलेस्टिनी कुटुंबांच्या घरांवर लांबून फिरवता येणारा, दूरचं जवळ आणणारा पाळतीचा कॅमेरा बसवायचा, चित्र आतल्या टीव्हीवर आणायचं आणि कॅमेऱ्याचं नियंत्रण घरच्यांच्या हाती द्यायचं. ते जे बघतील ते चित्रित होईल आणि बघताना जे बोलतील तेही.

या शहरात कोण कुणाकडे बघू शकतो, हा जगण्यामरण्याचा प्रश्न आहे. शेख जर्राह वस्तीतल्या काही पॅलेस्टिनी कुटुंबांना २००९ मध्ये पोलिसांनी घराबाहेर काढलं आणि त्याच घरांत इस्रायली वसाहतवाले राहायला आले. अशा ठिकाणी पाळतीचं यंत्र पाळतीखालच्या माणसाच्या हाती येतं तेव्हा काय होतं? तो सूड घेत नाही, भाषणही करत नाही. समोरचं छप्पर कुणाचं होतं, भिंत कधी उभी राहिली, त्या गच्चीवर आता कोण वावरतं, हे सांगू लागतो. मध्येच थट्टा करतो, मध्येच शंका घेतो. कॅमेरा एखाद्या खिडकीवर अडतो आणि बोलणंही अडतं. बोट आणि जीभ एकत्र चालतात. माहितीपटात एरवी निवेदक वरून बोलतो आणि दृश्य त्याच्या वाक्यांना पुरावा म्हणून येतं. इथे दृश्यच बघणाऱ्याला बोलायला लावतं. मला इथे ज्ञानाची एक वेगळी रीत दिसते. जमिनीच्या वादावर संशोधन करणाऱ्याने कागदपत्रं जरूर वाचावीत, पण जिथे माणसाची नजर अडते तिथला इतिहास कागदावर उतरलेला असेलच, असं नाही.

कॅम्पच्या सागरी प्रकल्पातही हीच रीत आहे, तिचं रूप मात्र पालटलं आहे. २००९ च्या शारजा बिनालेसाठी कॅम्पने तिथल्या खाडीत लागणाऱ्या लाकडी जहाजांचा अभ्यास केला. ही जहाजं सोमालियाच्या बंदरांकडे काय काय माल नेतात याच्या नोंदींचं पुस्तक केलं आणि धक्क्यावरून रेडिओ प्रसारणही केलं. त्यातून खलाशांशी वर्षानुवर्षांची ओळख वाढत गेली. कच्छ-सौराष्ट्रचे, सिंधचे, बलुचिस्तानचे, दक्षिण इराणचे हे खलाशी मोबाइलवर समुद्र टिपत होते, त्याला आवडीची गाणी जोडत होते आणि ब्लूटूथने एकमेकांना देत होते. त्या चित्रणासह २०१३ मध्ये ८३ मिनिटांचा ‘फ्रॉम गल्फ टू गल्फ टू गल्फ’ तयार झाला. दाणेदार, धूसर चित्रं; मधूनच डॉल्फिन, मधूनच आग लागलेलं जहाज, रिकाम्या वेळेतलं जेवण. एकाही सुरचित छायाचित्रणात मला समुद्र इतका राबता दिसलेला नाही. चित्र कुणाचं, हा प्रश्न इथे सुटत नाही. चित्रं खलाशांची आहेत, संकलन कॅम्पचं आहे, आणि दालनाच्या भिंतीवर गटाचं नाव आधी लागतं. सहकार्य म्हटलं की समान वाटणी झाली असं मानण्याची आपल्याला सवय आहे. या चित्रपटाने मला त्या सवयीबद्दल सावध केलं.

सावधपणे बघावं असं आणखी एक काम म्हणजे ‘बॉम्बे टिल्ट्स डाउन’. ते २०२२-२३ च्या कोची-मुझिरिस बिनालेत दाखवलं गेलं. मुंबईच्या मध्यभागातल्या उंच इमारतीवर बसवलेल्या एकाच सीसीटीव्ही कॅमेऱ्याने, महासाथीच्या काळात, लांबून हलवत केलेलं हे चित्रण सात पडद्यांवर चालतं. नजर आकाशातून, काचेच्या बुरुजांवरून खाली खाली उतरत पत्र्यांच्या आणि ताडपत्रीच्या छपरांपर्यंत येते. संगीत बॅमबॉयचं, म्हणजे ‘स्वदेशी’ या रॅप गटातल्या तुषार आढाव यांचं. अण्णाभाऊ साठ्यांनी ‘मुंबईची लावणी’त मलबार हिलचा थाट आणि गरिबांची वस्ती शेजारी शेजारी ठेवली होती, तीच विषमता इथे उभी, सरळ रेषेत मांडली आहे. मला हे काम थक्क करतं, पण माझा एक आक्षेप आहे. जेरुसलेममध्ये बघणाऱ्या घराला आवाज होता. इथे खाली छपरांवर दिसणाऱ्या माणसांच्या हाती कॅमेरा नाही. संगीत त्यांच्या बाजूने उभं राहतं, ठामपणे उभं राहतं. तरीही नजर पस्तिसाव्या मजल्याचीच राहते. बीडीडी चाळीच्या एखाद्या छोट्या खोलीत तोच कॅमेरा फिरवायला मिळाला असता, तर वरच्या बुरुजांकडे बघताना तिथल्या माणसांनी काय सांगितलं असतं, हे मला ऐकायचं आहे.

या सगळ्याच्या मुळाशी संग्रहाचं काम आहे, आणि ते दालनांत फारसं दिसत नाही. २००८ मध्ये कॅम्पने बर्लिन, बंगळूर आणि मुंबईतल्या सहकारी संस्थांबरोबर ‘पॅडमा’ हा खुला व्हिडिओ-संग्रह उघडला. चित्रपट पुरा झाल्यावर बाजूला पडणारं कच्चं चित्रण तिथे ठेवलं जातं. त्याच्या प्रत्येक क्षणावर कुणीही टिपण लिहू शकतो: कोण बोलतंय, मागे कोणता रस्ता आहे, कोणत्या मोर्चाचा दिवस आहे. पाच वर्षांनी आलेल्या ‘इंडियनसिने.मा’ने हीच पद्धत भारतीय चित्रपटांना लावली. आपल्याकडे चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षं टिकतो. म्हणजे प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६) कायद्याने केव्हाच सगळ्यांचा झाला आहे. एखाद्या दृश्यावर कीर्तनाच्या जाणकाराने, देहूच्या रहिवाशाने, ध्वनितंत्रज्ञाने एकाखाली एक टिपणं लिहिली, तर ती कोणत्याही समीक्षाग्रंथाइतकीच मोलाची ठरतील.

मराठी चळवळींचं चित्रण मात्र आजही विखुरलेलं आहे. गिरणगावातल्या सभा, नर्मदेच्या खोऱ्यातले मोर्चे, शाहिरी जलसे, साहित्य संमेलनांतले मंडप हे सगळं ऐंशी-नव्वदच्या दशकांत व्हीएचएस आणि हाय-एट फितींवर उतरलं. कार्यकर्त्यांच्या, हौशी चित्रणकारांच्या, लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्यांच्या कपाटांत त्या फिती पडून आहेत. आपल्या दमट हवेत त्यांवर बुरशी चढते, चुंबकी थर सुटतो. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीने २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. म्हणजे त्या फिती वाजवणारी यंत्रंही आता फक्त जुनीच मिळतात. त्या सभांत उभी असलेली, चेहरे ओळखू शकणारी, घोषणा कुणी दिली ते सांगू शकणारी बरीच माणसं आज उतारवयात आहेत. फिती उतरवण्याचं आणि त्या माणसांना पडद्यासमोर बसवून त्यांचं बोलणं टिपण्याचं काम एकाच वेळी, येत्या काही वर्षांतच करावं लागेल, आणि त्यासाठी विद्यापीठांनी, ग्रंथालयांनी, कामगार संघटनांनी पैसा आणि जागा द्यायला हवी.