दुर्बिणीची किंमत आणि तरतुदीची वर्षे

भारतीय अवकाश मोहिमेचे कौतुक होते तेव्हा ते बहुधा तिच्या किमतीचे असते. मंगळयानाला ४५० कोटी रुपये लागले आणि ‘ग्रॅव्हिटी’ या हॉलिवूडपटाला त्याहून जास्त, ही तुलना २०१४ साली यान मंगळावर पोहोचण्याआधीच पंतप्रधानांनी श्रीहरिकोट्यात केली. तेव्हापासून ती भाषणांतून आणि अग्रलेखांतून सतत फिरते आहे. काटकसरीचा अभिमान योग्यच आहे. पण या तुलनेने एक सवय लावली आहे. मोहीम म्हणजे एक आकडा, आणि आकडा जितका लहान तितके यश मोठे. अवकाशातून खगोलशास्त्र करू पाहणाऱ्या देशाला ही सवय महागात पडते.

क्ष-किरण आणि बहुतांश अतिनील किरण वातावरणात अडतात, म्हणून दुर्बीण वर न्यावी लागते, हे शालेय पुस्तकातही असते. सरकारी तिजोरीच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो मोहीम आणि कार्यक्रम यांतला फरक. मोहिमेला मंजुरीचा कागद असतो, प्रक्षेपणाची तारीख असते आणि कधीतरी शेवट असतो. कार्यक्रमाला यांतले काहीच नसते. किरण टिपणारे शोधक बनवणारी प्रयोगशाळा, ते जुळवणारे तंत्रज्ञ, आधीच्या उपकरणाचे दोष लक्षात असलेली माणसे आणि मिळालेल्या नोंदींवर प्रबंध लिहिणारे विद्यार्थी यांचा मिळून कार्यक्रम होतो. सरकारे पैसा मंजूर करतात तो मोहिमेला. कार्यक्रम त्याच पैशातून, जमेल तसा, चालवला जातो.

भारतापुरते याचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे ॲस्ट्रोसॅट. दीड टनाचा हा उपग्रह २८ सप्टेंबर २०१५ रोजी पीएसएलव्ही-सी३० ने सुमारे ६५० किलोमीटर उंचीच्या कक्षेत सोडला. खर्च सुमारे १७८ कोटी रुपये सांगितला जातो. मात्र त्याची मुळे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या, म्हणजे टीआयएफआरच्या, फुग्यांपर्यंत जातात. हैदराबादहून सोडलेल्या मोठाल्या फुग्यांना बांधून टीआयएफआरच्या संशोधकांनी वर्षानुवर्षे क्ष-किरण शोधक वर नेले. १९७५ च्या आर्यभट्टावरही क्ष-किरणांचा एक प्रयोग होता, पण वीजपुरवठ्यातल्या बिघाडाने तो काही दिवसांतच थांबला. मार्च १९९६ मध्ये आयआरएस-पी३ या दूरसंवेदन उपग्रहावरून छोटे शोधक गेले आणि त्यांनी चांगले काम केले. मग पूर्ण उपग्रहच खगोलशास्त्रासाठी असावा ही कल्पना पुढे आली. प्र. चं. अग्रवाल यांच्यासारख्या संशोधकांनी ती लावून धरली, सरकारची मंजुरी २००४ मध्ये मिळाली, आणि प्रक्षेपणाला त्यानंतर आणखी अकरा वर्षे लागली.

ती वर्षे कुठे गेली हे उपकरणांकडे पाहिले की कळते. मृदू क्ष-किरण दुर्बिणीत ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांवर सोन्याचा थर चढवून, ते एकात एक बसवून शेकडो आरसे जुळवावे लागले. क्ष-किरण आरशावर सरळ आदळले तर शोषले जातात. अगदी तिरके घासून गेले तरच परावर्तित होतात, म्हणून ही रचना. हे आरसे टीआयएफआरच्या कुलाब्याच्या प्रयोगशाळेत घडले. अतिनील दुर्बिणीची अडचण निराळी होती. डिंक, रंग, वायरीचे वेष्टण अशा कशातूनही निघणारी वाफ आरशावर बसली तर डोळ्यांना न दिसणारा तिचा थरही अतिनील प्रकाश गिळतो. त्यामुळे प्रत्येक पदार्थ पारखून घ्यावा लागला आणि जुळणी बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या होसकोटे येथील स्वच्छ कक्षात करावी लागली. हे कौशल्य बाजारात विकत मिळत नाही. एकदा कमावल्यावर ते पुढच्या उपकरणावर वापरले नाही, तर दहा वर्षांत विरून जाते.

स्वस्ताईचा युक्तिवाद इथे लंगडा पडतो. १७८ कोटींच्या आकड्यात काळ धरलेला नाही. अमेरिकेचा आरएक्सटीई हा क्ष-किरण उपग्रह डिसेंबर १९९५ मध्ये वर गेला. ॲस्ट्रोसॅटच्या मोठ्या क्ष-किरण शोधकांनी जे करायचे होते, त्यातले पुष्कळसे त्याने सोळा वर्षे केले आणि जानेवारी २०१२ मध्ये तो बंदही झाला. तोवर ॲस्ट्रोसॅट जमिनीवरच होता. कल्पनेच्या काळात पदवीला असलेला विद्यार्थी प्रक्षेपणाच्या वेळी प्राध्यापक झालेला होता, आणि मधल्या काळात त्याच्या पिढीतल्या अनेकांनी परदेशी दुर्बिणींच्या नोंदींवर काम केले. ही किंमतच आहे. ती कोणत्याही लेखाशीर्षाखाली दिसत नाही, एवढेच. शिवाय मोहीम स्वस्त करायची तर पहिली कात्री लागते ती वजनाला. मंगळयानावरची पाचही उपकरणे मिळून जेमतेम १५ किलोंची होती. इतक्या वजनात काय मोजता येईल आणि काय येणार नाही, हे पैशाने आधीच ठरवलेले असते.

यातून ॲस्ट्रोसॅटचे मोल कमी होत नाही. एकच तारा एकाच वेळी अतिनील आणि क्ष-किरणांत पाहण्याची सोय फार थोड्या वेधशाळांत आहे. २०२० साली पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतील कनक साहा आणि सहकाऱ्यांनी याच उपग्रहाच्या साहाय्याने सुमारे ९.३ अब्ज प्रकाशवर्षे दूरच्या दीर्घिकेतून येणारे तीव्र अतिनील किरण टिपले. उपग्रहाचे आयुष्य पाच वर्षांचे धरले होते. अतिनील दुर्बिणीची एक वाहिनी २०१८ मध्ये बंद पडली, तरी बाकीचे काम त्यापुढेही कितीतरी वर्षे चालू राहिले. इतक्या चांगल्या उपकरणाला इतका उशीर झाला, म्हणून तर हळहळ जास्त.

भारतातल्या सुट्या मंजुऱ्यांच्या तुलनेत अमेरिकेची पद्धत नेमकी उलट आहे. तिथे १९६४ पासून दर दहा वर्षांनी खगोलशास्त्रज्ञांची मोठी समिती बसते, पुढच्या दशकाचे प्रश्न ठरवते आणि प्रकल्पांना क्रम लावते. आपापसांतली भांडणे समितीच्या खोलीत संपवून एकमुखाने सरकारपुढे जाण्याची ही रीत खरोखर आदर्श आहे. पण क्रम लावताना किंमतही लिहावी लागते. २००१ च्या अहवालात पहिल्या स्थानावर असलेल्या अवकाश दुर्बिणीची, म्हणजे पुढच्या जेम्स वेबची, किंमत सुमारे एक अब्ज डॉलर लिहिली होती. २५ डिसेंबर २०२१ रोजी ती वर गेली तेव्हा हिशेब दहा अब्जांच्या घरात पोहोचला होता. २०११ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या समितीने प्रकल्प रद्द करण्याचाच प्रस्ताव मांडला होता. त्याआधीच्या वर्षी नेमलेल्या चौकशी मंडळाने मूळ कारण स्पष्ट लिहिले: दोष तंत्रज्ञानाचा नसून अंदाजपत्रकाचा आणि व्यवस्थापनाचा आहे. २००८ मध्ये प्रकल्प पक्का करतानाच आकडा कमी धरला होता आणि अडीअडचणीसाठी पुरेशी राखीव रक्कम ठेवली नव्हती. चुका पुढेही झाल्या. २०१८ मध्ये ध्वनिचाचणीनंतर सौरकवचाच्या आवरणाचे स्क्रू आणि वॉशर निखळून पडलेले सापडले. अशा मानवी चुकांनी सुमारे दीड वर्ष आणि ६० कोटी डॉलर खाल्ले, असे त्या वर्षीच्या पाहणीत आढळले.

इथे थोडे आडवळण घ्यायला हवे. २०१२ मध्ये अमेरिकेच्या हेरगिरी उपग्रहांच्या खात्याने नासाला न वापरलेल्या दोन दुर्बिणी फुकट दिल्या. आरसे प्रत्येकी २.४ मीटरचे, म्हणजे हबलएवढे. त्यांतला एक २०१० च्या दशवार्षिक अहवालात अग्रक्रमावर असलेल्या दुर्बिणीसाठी घेतला. हीच पुढे नॅन्सी ग्रेस रोमन दुर्बीण झाली. नासाच्या खगोलविभागाच्या पहिल्या प्रमुख असलेल्या रोमन यांनी हबलसाठी वर्षानुवर्षे आग्रह धरला होता, तेव्हा नाव सार्थच आहे. परंतु मूळ आराखड्यातला आरसा लहान होता. मोठा आरसा आल्यावर यान मोठे झाले, उपकरणे वाढली, खर्च इतका चढला की २०१७ मध्ये आराखडा आखडता घ्यावा लागला. दुर्बिणीत आरशाची किंमत हा खर्चाचा एक भाग असतो. तो आरसा कशासाठी वापरायचा, हे ठरवण्याची किंमत त्याहून मोठी असते.

युरोपने तिसरी वाट धरली. युरोपीय अवकाश संस्थेत विज्ञान कार्यक्रमाची वर्गणी प्रत्येक सदस्य देशाला बंधनकारक आहे. ती राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रमाणात ठरते आणि तिची पातळी काही वर्षांसाठी एकदमच निश्चित होते. या पायावर १९८० च्या दशकात ‘होरायझन २०००’ हा दीर्घ आराखडा बेतला गेला. त्यातून एक्सएमएम-न्यूटन आणि हर्शेल निघाल्या, आणि त्याच रीतीच्या पुढच्या आराखड्यांतून गाया आणि युक्लिड. पैसा ठरलेला असल्याने वाढीव खर्च निघाला तर पुढची मोहीम लांबते, कार्यक्रम मोडत नाही. अमेरिकेत उद्दिष्ट पक्के असते आणि पैसा फुगतो, युरोपात पैसा पक्का असतो आणि वेळ लांबतो. भारतात दोन्ही आधी ठरत नाहीत, एकेक मोहीम सुटीसुटी मंजुरीसाठी उभी राहते.

इथवरच्या विवेचनाचा कल उघड आहे. भारताने युरोपचा मार्ग घ्यावा, ठरलेल्या रकमेत मध्यम आकाराच्या मोहिमा कराव्यात आणि प्रचंड दुर्बिणींचा हव्यास सोडावा. हा निष्कर्ष सोयीचा आहे, पण पुरा नाही. वेबच्या साडेसहा मीटरच्या घडीच्या आरशाचे काम दहा छोट्या दुर्बिणी वाटून घेऊ शकत नाहीत. मंद प्रकाश गोळा करायला क्षेत्रफळ लागते आणि बारकावा दिसायला व्यास लागतो, त्याला पर्याय नाही. तेव्हा वेबचा दोष तिचा आकार नव्हता. तंत्रज्ञान हाताशी येण्याआधीच तिची किंमत आणि तारीख लिहिली गेली, हा दोष होता. २०२१ च्या अमेरिकी अहवालाने हे ओळखले. त्याने पुढच्या मोठ्या दुर्बिणीची दिशा सांगितली, पण आधी तंत्रज्ञान पक्के करण्याचा वेगळा टप्पा सुचवला आणि पूर्ण मंजुरी त्यानंतर ठेवली.

म्हणजे खरी गरज मंजुरीच्या आधीच्या पैशाची आहे. प्रयोगशाळेत तुटणारे आरसे, फुग्यावरून परत येणारे नमुने, अखेर सोडून द्यावे लागणारे आराखडे यांवरचा हा पैसा मोहिमेच्या आकड्यात दिसत नाही आणि स्वस्ताईच्या निकषावर वाया गेलेला ठरतो. पण ॲस्ट्रोसॅट उभा राहिला तो टीआयएफआरने फुग्यांवर असाच पैसा घातला होता म्हणून. आज मुंबईच्या आयआयटीच्या पुढाकाराने मांडलेला ‘दक्ष’ हा दोन उपग्रहांचा प्रस्ताव किंवा बंगळुरूकरांची अतिनील दुर्बिणीची योजना यांना पूर्ण मंजुरीची वाट पाहत असतानाही शोधक बनवण्यासाठी नियमित निधी मिळायला हवा, आणि न जमणाऱ्या प्रस्तावाला वेळेत नकारही मिळायला हवा. नकार मिळालेला संशोधक दुसऱ्या कामाला लागतो. उत्तरच न मिळालेला पाच-दहा वर्षे अडकून पडतो.

राहिला प्रक्षेपणानंतरचा पैसा. तो रकमेने सर्वांत लहान आणि कापायला सर्वांत सोपा असतो. १९९९ पासून उत्तम काम करणाऱ्या चंद्रा क्ष-किरण वेधशाळेची तरतूद सुमारे ६.८ कोटी डॉलरवरून ४.१ कोटींवर आणण्याचा प्रस्ताव नासाच्या २०२५ च्या अर्थसंकल्पात होता. दुर्बीण वर असताना ती चालवणारी आणि तिच्या नोंदी वाचणारी माणसे कमी केली, तर आधीची सगळी गुंतवणूक अर्धवट राहते. आयुकातील ॲस्ट्रोसॅट साहाय्य केंद्र देशभरातील विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांना या उपग्रहाच्या नोंदी वापरायला शिकवते. हा खर्च मोहिमेच्या मूळ अंदाजपत्रकातच, उपग्रहाच्या आयुष्याच्या पुढच्या काही वर्षांसह, लिहिलेला असावा.