मोहल्ल्याचा सातबारा

आठवीच्या वर्गाला आम्ही दरवर्षी घर या विषयावर निबंध घालतो. उर्दू माध्यमाच्या शाळेत हे निबंध ठरलेल्या वळणाचे येतात. घर छोटे आहे, पण त्यात मोहब्बत आहे, वगैरे. गेल्या वर्षी एका मुलाने लिहिले की त्याचे घर आधी चौथ्या माळ्यावर होते, सध्या ते ट्रान्झिटमध्ये आहे आणि पुढे ते बाविसाव्या माळ्यावर जाणार आहे. जणू माणसे जागच्या जागी बसून आहेत आणि घरच सामान बांधून मुसाफिरीला निघाले आहे. व्याकरणाची चूक समजून आम्ही लाल पेन उचलले आणि परत खाली ठेवले. मुलगा बरोबर लिहीत होता.

मुंबईच्या जुन्या वस्तीत सध्या घरे प्रवासात आहेत. त्यांतला सर्वांत मोठा प्रवास भेंडी बाजारचा. नावाबद्दल दोन मते आहेत. कोणी म्हणतात, इथे भेंडीची झाडे होती. कोणी म्हणतात, इंग्रज क्रॉफर्ड मार्केटच्या मागचा भाग म्हणून 'बिहाइंड द बाजार' म्हणत, त्याचे हे रूप. झाडे आता नाहीत, त्यामुळे वाद मिटण्याचा संभव नाही. असो. इथल्या साडेसोळा एकर जागेत सुमारे अडीचशे इमारती होत्या. त्यांत 3,200 कुटुंबे आणि 1,250 दुकाने. माणसे वीस हजारांच्या घरात धरली, तर एकरी बाराशे होतात. दाऊदी बोहरा समाजाचे धर्मगुरू सय्यदना मोहम्मद बुऱ्हानुद्दीन यांच्या पुढाकाराने 2009 मध्ये सैफी बुऱ्हानी अपलिफ्टमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि ही सगळी वस्ती उतरवून नव्याने बांधण्याचे ठरले. भाडेकरूला किमान साडेतीनशे चौरस फुटांचे घर, तेही मालकीचे. पहिल्या टप्प्यातले मनोरे उभे राहिले, माणसे राहायला गेली. मुंबईत अशा योजना कागदावर पुष्कळ असतात, उभ्या राहिलेल्या थोड्या. म्हणून या कामाला नावे ठेवण्याआधी माणसाने दोनदा विचार करावा.

त्यातही 31 ऑगस्ट 2017 ची सकाळ आठवली की तोंड बंद होते. पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत कोसळली आणि 33 माणसे गेली. बकरी ईद दोन दिवसांवर होती. इमारत शंभर वर्षांहून जुनी, आधीच धोकादायक ठरलेली आणि याच योजनेत समाविष्ट. काही कुटुंबे हलली होती, काही राहिली होती. पुढे 16 जुलै 2019 ला डोंगरीत केसरबाई इमारतीचा भाग पडला. 'जुने ते सोने' म्हणणाऱ्याने या दोन तारखा भिंतीवर लिहून ठेवाव्यात.

या इमारती अशा का झाल्या, हे मुलांना सांगताना आम्हांला नेहमी कायद्यापासून सुरुवात करावी लागते. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडे 1940 च्या पातळीवर बांधून ठेवले. गरिबाचे रक्षण झाले, हे खरे. पण जिथून महिन्याला दोन पानपट्ट्यांचे पैसे येतात, त्या इमारतीचे छप्पर मालक कशाला शेकारील? तो पागडी घेऊ लागला. भाडेकरू अर्धा मालक झाला, मालक अर्धा राहिला आणि जिना कोणाचाच राहिला नाही. 1969 चा दुरुस्ती मंडळाचा कायदा, त्यासाठीचा उपकर, मग म्हाडा, सगळे आले. टेकू मात्र लाकडाचे लोखंडी झाले, एवढाच फरक आम्ही लहानपणापासून पाहिला.

आता प्रश्न असा की शंभर घरांची एक भिंत असेल, तर ती पाडण्याचा निर्णय कोणी करावा? 2009 च्या नियमाने शंभरातले सत्तर भाडेकरू राजी झाले की पुरे, असे ठरवले. पुढे ही अट आणखी सैल झाली. उरलेल्या तीस जणांचे काय?

आम्ही वर्गात एक रिवायत सांगतो. हजरत उमर यांना मस्जिद-ए-नबवी वाढवायची होती. शेजारी हजरत अब्बास यांचे घर. काम पुण्याचे, गर्दी वाढलेली, मोबदला द्यायची तयारी. अब्बास यांनी नकार दिला. प्रकरण हजरत उबय्य बिन काब यांच्यापुढे गेले आणि निकाल खलिफाच्या विरुद्ध, घरमालकाच्या बाजूने लागला. त्यानंतर अब्बास यांनी ते घर आपखुशीने, मोबदला न घेता देऊन टाकले. मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "टीचर, देनाही था तो झगडा क्यूं किया?"

या प्रश्नाचे उत्तर आम्ही तेव्हा नीट दिले नाही. तास संपला होता, असे आम्ही स्वतःला सांगितले. खरे तर उत्तर त्या रिवायतीतच आहे. नाही म्हणता येत होते, म्हणून त्या हो ला किंमत आली. ज्याला नाही म्हणायची सोय नाही, त्याची सही ही संमती नसून हजेरी आहे.

पण इथेच आमची अडचण सुरू होते. अब्बास यांचे घर त्यांच्या एकट्याचे होते. त्यांच्या नकाराने कोणाच्या डोक्यावर स्लॅब पडणार नव्हता. आमच्या इमारतीतला तिसऱ्या माळ्यावरचा माणूस नाही म्हणतो, तेव्हा तो चौथ्या माळ्यावरच्या मुलांच्या जिवावर नाही म्हणतो. त्यामुळे तीस जणांचा हक्क आम्हांला पवित्र वाटत असला, तरी पूर्ण वाटत नाही. सत्तरांचा निर्णय सक्तीचा आहे, हे मान्य करूनही तो कधी कधी करावा लागेल, असे आमचे मत झाले आहे. सक्ती करणाऱ्याने तिला निदान सक्ती म्हणावे. तिला सर्वांची खुशी म्हणू नये.

फिकहमध्ये शुफा नावाचा हक्क आहे. घर विकायचे तर हनफी मताप्रमाणे शेजाऱ्याला आधी विचारावे लागते. आम्ही कोकणी शाफई. आमच्याकडे हा हक्क फक्त हिस्सेदाराला, भिंतीला भिंत लागलेल्याला नाही. सुप्रीम कोर्टानेही 1962 मध्ये नुसत्या शेजारावर आधारलेला हा हक्क घटनेत बसत नाही, असा निकाल दिला. कारणे सबळ होती. या हक्काच्या आडून नको त्या जातीचा, नको त्या धर्माचा माणूस दूर ठेवता येतो. मुंबईत घर शोधत फिरलेल्या मुसलमानाला हे कोणी समजावून सांगायला नको. तरीही त्या जुन्या कल्पनेत एक गोष्ट होती. माझ्या घराचे काय होते, यात शेजाऱ्याचा काही वाटा आहे, हे तिने मान्य केले होते. आजच्या कोणत्याही फॉर्मवर त्यासाठी रकाना नाही. गावी जमिनीला सातबारा असतो, त्यात कूळ लागते, पीकपाणी लागते. मुंबईत प्रॉपर्टी कार्ड असते. मोहल्ल्याला दोन्ही नाही.

शहर सुधारण्याचा हा पहिला प्रयोगही नव्हे. 1896 च्या प्लेगनंतर 1898 मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. नागपाड्यापासून पाडापाडी झाली, सँडहर्स्ट रोडसारखे रुंद रस्ते निघाले, हवा खेळू लागली. पण सुरुवातीच्या वर्षांत जितक्यांना उठवले, तितक्यांना घरे मिळाली नाहीत. उठलेली माणसे शेजारच्या गल्लीत, आधीच भरलेल्या खोल्यांत शिरली. पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश विद्वान 1915 च्या सुमारास इलाख्यातली शहरे पायी पालथी घालत होता. 1919 मध्ये तो मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला. सडलेले तेवढेच कापा, बाकी शरीर जपा, असा त्याचा आग्रह होता. आधी गल्लीत फिरा, मग नकाशा काढा. आमच्या काळात नकाशा आधी येतो. गेडिसचे औषध हुसैनी इमारतीला लागू पडले असते का, याची मात्र आम्हांला शंका आहे. काही दुखणी त्या टप्प्याच्या पुढे गेलेली असतात.

इथवर आम्ही न्यायाधीशाच्या खुर्चीत बसून लिहिले. आता पिंजऱ्यात उभे राहतो.

आमची इमारत भेंडी बाजारात नव्हती, तिथून चालत दहा मिनिटांवर होती. 2011 मध्ये ती पुनर्विकासाला गेली. बिल्डर कोण, हे इथे महत्त्वाचे नाही. अब्बांच्या नावाची भाड्याची पावती होती. पलीकडच्या खोलीत खाला राहत. नात्याने त्या आमच्या कोणी नव्हत्या. त्यांच्या मियांच्या हयातीतच खोली एका दोस्ताच्या नावावर राहिली होती; तो दोस्त गेला, मियां गेले, खाला बत्तीस वर्षे त्याच खोलीत राहिल्या. आमची अम्मा आजारी पडली, तेव्हा दोन महिने आमची चूल त्यांनी पेटवली. यादी लागली, त्यात त्यांचे नाव नव्हते. दोस्ताचा मुलगा कुठूनसा उगवला आणि त्याने सही केली.

अब्बा संमतीपत्र घेऊन एक रात्र बसून होते. आम्ही त्यांना म्हणालो, आपण सही केली नाही तरी सत्तर होणारच आहेत. मग आपलेच घर का अडकवायचे? बी.एड. नुकतेच झाले होते, बोलता चांगले येत होते. त्यांनी सही केली. आम्ही आमच्या युक्तिवादात आजही चूक काढू शकत नाही. प्रत्येकाने हाच विचार केला असणार, म्हणूनच सत्तर झाले.

खाला मुंब्र्याला भाच्याकडे गेल्या. आम्ही सोळाव्या माळ्यावर आलो. लिफ्ट आहे, पाणी चोवीस तास आहे, अम्मा पडली असती असा जिना नाही. हे सुख खोटे नाही आणि ते नाकारून आम्ही परत त्या टेकूंखाली जाणार नाही. फक्त नव्या घराचा नकाशा हातात आला, तेव्हा अब्बांनी बोट फिरवत एक भिंत दाखवली आणि पलीकडे कोण, असे विचारले. पलीकडे लिफ्टची पोकळी होती.

खाला दोन ईद आल्या. दुसऱ्या वेळी वॉचमनने त्यांना खाली थांबवून वहीत नाव लिहायला लावले. नाव, कोणाकडे, नाते. नात्याच्या रकान्यात काय लिहायचे, हे विचारायला त्यांनी खालून इंटरकॉम लावला होता. आम्ही म्हणालो, "पडोसी लिहा." त्या हसल्या आणि म्हणाल्या, "बेटा, वो तो मुंब्रा में हैं." मग वॉचमननेच काहीतरी लिहिले आणि त्यांना वर सोडले.