आधी कोण, नंतर कोण?
दोन प्रोसेसर आहेत. पहिला ‘क्ष’मध्ये १ लिहितो आणि मग ‘य’ वाचतो. दुसरा ‘य’मध्ये १ लिहून ‘क्ष’ वाचतो. सुरुवातीला दोन्ही शून्य. साध्या तर्काने निदान एकाला तरी १ दिसायलाच हवा. एक्स-८६ प्रोसेसरवर मात्र दोघांनाही शून्य दिसू शकते, कारण लिहिलेले मूल्य इतरांना दिसण्यापूर्वी लिहिणाऱ्याच्याच स्टोअर बफरमध्ये थांबते. मग आधी काय घडले?

वैशेषिक दर्शनाच्या मते काळ हे एकच, नित्य आणि सर्वव्यापी द्रव्य. ‘आधी’, ‘नंतर’, ‘एकाच वेळी’ या प्रतीतींवरून त्याचे अनुमान होते. ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नेल, लिहिणाऱ्याला मात्र असा सामाईक काळ गृहीत धरता येत नाही. संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ साली मांडले, की विखुरलेल्या यंत्रणेत ‘आधी घडले’ हा संबंध अंशतःच क्रम लावतो. काही घटनांपुरता ‘आधी कोण’ हा प्रश्नच निरर्थक ठरतो. काळ हे स्वतंत्र द्रव्य न मानणाऱ्या बौद्धांना हे अधिक पटले असते.

मेमरी बॅरियर, म्हणजे लिहिण्या-वाचण्याचा क्रम राखायला सांगणारी सूचना, हा हरवलेला काळ परत आणत नाही. तो फक्त करार करतो. लेखक आधी माहिती लिहितो, मग राइट बॅरियर, मग ‘तयार’ ही खूण. वाचक खूण पाहतो, मग रीड बॅरियर, मग माहिती. एकाच बाजूने पाळलेला करार इथे कुचकामी ठरतो, आणि नवखे नेमके तिथेच फसतात. हे नियम औपचारिक प्रारूपाच्या रूपात लिनक्स कर्नेलमध्ये २०१८ साली, ४.१७ या आवृत्तीत, दाखल झाले.