चिपळूण जवळ कसं आलं?

‘मोठे टायर टाकायचेत, पण ॲव्हरेज पडता कामा नये.’ हे वाक्य मी आमच्या भागात इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की, गाडी विकत घेतानाच कागदपत्रांसोबत ते मिळत असावं असं वाटतं. ट्रकवाला म्हणतो, पिकअपवाला म्हणतो, काल-परवा जुना टेम्पो घेतलेला पोरगाही म्हणतो. मोठा टायर खड्ड्यातून अलगद निघतो, माल जास्त झेपतो, गाडी उंच दिसते आणि चार माणसांत मालकाची मानही तेवढीच उंच होते. हे सगळं हवं, पण डिझेल मात्र होतं तेवढंच लागावं. मागणी चुकीची आहे असं मी म्हणणार नाही. काही ठिकाणी ती थोडीफार पुरीही होते. मला प्रश्न पडतो तो वेगळाच. टायर मोठा झाल्यावर जे जास्तीचं लागतं, ते कुणाच्या वहीत लिहिलं जातं?

हा प्रश्न माझ्या डोक्यात आमच्या आण्णांच्या गाडीनं घातला. आण्णा म्हणजे माझे थोरले चुलते. १९९०च्या आसपास त्यांच्याकडं सहा चाकी टाटा बारा-दहा होती. कराडच्या बाजूनं गुळाच्या ढेपा, कांदा, जे मिळेल ते भरायचं, पाटण, हेळवाक करत कुंभार्ली घाट उतरायचा आणि चिपळूणला खाली करायचं. येताना जांभ्याचे चिरे. म्हणजे जाताना घाट उतरायचा आणि येताना दगड घेऊन चढायचा. आठवड्याला दोन खेपा. ड्रायव्हरला आम्ही पोरं मामा म्हणायचो. नात्याचे नव्हते, पण आमच्या घरात जेवल्याशिवाय खेपेला निघत नसत.

डिझेलचा हिशेब सोपा होता. चार किलोमीटरला एक लिटर. मीटरवर २०० किलोमीटर पडले की ५० लिटर मंजूर. त्याच्यावर गेलं तर मामांच्या पगारातून कपात. हा नियम ऐकायला कडक वाटतो, पण तो उगाच आलेला नव्हता. वाटेत डिझेल काढून विकणारे ड्रायव्हर त्या काळात होते आणि ज्याच्या डोक्यावर गाडीचं कर्ज आहे, त्याला काहीतरी माप हवंच. आमच्या गाडीचं मीटर चालू होतं, हे मात्र नवल. निम्म्या गाड्यांची मीटरं मेलेलीच असायची.

एका पावसाळ्यानंतर आण्णांनी नऊशेचे टायर काढून हजारचे टाकले. गाडीवाल्यांच्या भाषेत नऊशे म्हणजे ९.००-२० आणि हजार म्हणजे १०.००-२०. पुढचा आकडा टायरची जाडी इंचात, मागचा रिमचा. दोन्हीची रिम वीस इंचीच, म्हणून लोकांना वाटतं नुसता टायर बदलला की झालं. खरं तर हजारला रिमही जरा रुंद लागते, आणि मागच्या जोडीतल्या दोन टायरांमध्ये फट पुरेशी राहिली नाही तर भरल्या गाडीत ते एकमेकांना घासतात. आण्णांनी रिमसुद्धा बदलल्या. अर्धवट काम त्यांना चालत नसे. आमच्या गावातल्या एकानं मात्र पैसे वाचवायला मागच्या जोडीत एक हजारचा आणि एक नऊशेचा अशी सोयरीक जमवली होती. दोन्ही चाकं एकाच हबला बांधलेली, फिरणार बरोबरच. मग मोठा सगळं ओझं घेतो आणि धाकटा रस्त्यावर घासत फरफटत जातो. एकत्र कुटुंबात राहिलेल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

पुढच्या चार महिन्यांत मामांचा हिशेब बिघडला. खेपेला पावणेतीन लिटर जास्त. दर खेपेला. आण्णा आधी गप्प बसले, मग कापायला लागले, आणि मग एक दिवस गावच्या हॉटेलात, चार लोकांत, बोलून गेले, “आमचं डिझेल घाटात सांडतंय वाटतं.” लोक हसले. चोर हा शब्द आण्णांनी वापरला नाही, पण त्याची गरजही नव्हती.

मामांनी त्यावर काही उत्तर दिलं नाही. काय देणार? मापच त्यांच्या विरुद्ध बोलत होतं.

हिशेबाची वही काकी लिहायची. सातवी शिकलेली, अक्षर गोल, आणि प्रत्येक खेपेची तारीख, किलोमीटर, डिझेल, भाडं हे ओळीनं मांडायची सवय. एका रात्री कपातीची बेरीज करताना तिनं मागची पानं चाळली. पावसाळ्याच्या आधीच्या खेपा २००, २०१, १९९. आताच्या १९३, १९४, १९३. ती आण्णांना म्हणाली, “अवो, चिपळूण काय सरकत सरकत आपल्याकडं आलं व्हय? पयलं दोनशे व्हतं, आता एकशे त्र्याण्णव कसं झालं?”

आण्णांनी वही घेतली, बघितली, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. सकाळी सुताराला बोलावलं. आमचा सुतार बैलगाडीची चाकं करणारा. लाकडी चाकावर जी लोखंडी पट्टी चढवतात तिला धाव म्हणतात. ती तापवून लालभडक करायची, चाकावर बसवायची आणि पाणी ओतून आवळायची. हे करायचं तर चाकाचा घेर आधी बोटाबोटानं मोजावा लागतो, त्यामुळं घेराची गोष्ट त्याला शिकवायला नको. त्यानं जुना नऊशेचा टायर आणि गाडीचा हजारचा, दोन्हीला सुतळी गुंडाळली. नऊशेचा घेर साडेदहा फुटांच्या आसपास. हजारचा त्याहून पाच-सहा बोटं जास्त. सुतार हसला. “आण्णा, धाव मोटी झाली की फेरं कमी व्हनारच की.”

एवढंच ते होतं. गाडीतलं मीटर किलोमीटर मोजतच नाही. ते फेरे मोजतं आणि कारखान्यात ठरवलेल्या चाकाच्या हिशेबानं त्यांचे किलोमीटर करून दाखवतं. चाक मोठं केलं की प्रत्येक फेऱ्यात गाडी पाच-सहा बोटं पुढं जाते, पण मीटरला त्याचा पत्ताच नसतो. शंभर किलोमीटरमागं तीन-साडेतीन किलोमीटर हिशेबातून गळतात. खात्री करायला त्याच दिवशी आण्णा केबिनमध्ये बसले, दगड मोजायला मला घेतलं. कराडच्या बाहेरून रस्त्याकडेचे बत्तीस दगड होईपर्यंत मीटर जेमतेम एकतीस झालं. मामा समोर बघून गाडी चालवत होते. आण्णा खिडकीतून बाहेर बघत होते.

इथं गोष्ट संपली असती तर ती फक्त अज्ञानाची गोष्ट झाली असती. पण काकीनं रात्री पुन्हा वही उघडली आणि आकडा दोन ठिकाणी फोडला. खेपेला लागत होतं ५१ लिटर. मीटरचे १९३ किलोमीटर धरून मंजूर होत होतं सव्वाअठ्ठेचाळीस. तूट पावणेतीन. यातलं पावणेदोन लिटर फक्त कागदावरचं, म्हणजे मीटरच्या चुकीचं. पण एक लिटर खरंच जास्त जळत होतं. पहिल्या ५०चे ५१ झालेच होते.

हे लिटर कुठं जात होतं, ते मामांना अंगानं माहीत होतं. विहिरीवरच्या रहाटाचा घेर मोठा केला तर एका फेऱ्यात दोर जास्त गुंडाळला जातो, पण हात भरून येतात. इंजिनाचं तसंच. सपाटीला, हलक्या मालावर मोठं चाक बरं पडतं. इंजिन कमी फिरतं आणि थोडं डिझेल वाचूही शकतं. पण चिरे भरून पोफळीपासून घाट लागला की जिथं दुसरा गिअर ओढायचा तिथं पहिला टाकावा लागतो आणि गाडी कण्हत चढते. ते टाळायचं तर मागच्या धुऱ्यातले क्राऊन-पिनियन बदलायचे, आणि तो खर्च आणखी वेगळा. शिवाय मोठा टायर जड, तो फिरवायलाही जोर लागतो. शिवाय आण्णांनी टायर मोठे म्हणून चिऱ्यांची एक रांग जास्त भरायला सुरुवात केली होती, हे कुणी बोलत नव्हतं तरी सगळ्यांना दिसत होतं. हवेचं म्हणाल तर मामा प्रत्येक थांब्यावर टॉमीनं टायर ठोकून आवाज ऐकायचे, त्यात कसूर नव्हती. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला चेपतो, सुटतो आणि तापतो. थांबल्यावर हात लावून बघा, ती ऊब डिझेलचीच असते. आताचे रेडियल टायर इथंच फायदा करून देतात. त्यांच्या धाग्यांची ठेवण निराळी, तापणं कमी. घाटात राबणाऱ्या गाडीला मी तरी त्याच मापाचा रेडियल घ्या म्हणेन, मोठा नको. पण तेव्हा आमच्याकडं सगळे नायलॉनचेच होते.

तर चार महिन्यांच्या बत्तीस खेपा. कापलेलं डिझेल अठ्ठ्याऐंशी लिटर. त्यातलं छप्पन्न लिटर मीटरच्या चुकीचं. त्याचे पैसे आण्णांनी त्याच रात्री मोजून दिले. कुरकुर केली नाही, पण एवढं म्हणाले, “म्या काय मुद्दाम केलं व्हय?” काकी म्हणाली, “मुद्दाम न्हाय केलं. पर कापलं तर व्हतंच की.”

राहिलं बत्तीस लिटर. ते खरंच जळलेलं. आण्णांचं म्हणणं, चालवणारानं जपून चालवलं तर तेवढं वाचतं, आणि मोठ्या टायरचं सुख ड्रायव्हरलाही आहेच, धक्के कमी, पंक्चर कमी. हे अगदीच खोटं नव्हतं. मामा एवढंच बोलले, “टायर तुमी निवडलं, चिरं तुमी भरलं, भाडं तुमी घेतलं. माज्या वाट्याला घाट तेवढा आला.”

मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं की, मामांचंच बरोबर होतं. ज्यानं फायद्यासाठी निवड केली, त्यानंच तिची किंमत उचलावी. आण्णा लबाड नव्हते. खरं सांगायचं तर आमच्या खानदानात व्यवहाराला त्यांच्याइतका चोख माणूस नव्हता. म्हणूनच ही गोष्ट मला छळते. लबाड माणसाला निदान माहीत असतं, आपण कुणाचं खातोय. चोख माणूस आपल्या मापावर विश्वास ठेवून दुसऱ्याचं खात राहतो, आणि माप त्याच्याच हातात असल्यामुळं ते तपासावं हे त्याला सुचत नाही. ज्याचं जातंय त्याला सुचून उपयोग नसतो, कारण त्याचं ऐकतो कोण? काकीच्या जागी दुसरं कुणी वही लिहीत असतं, फक्त शेवटची बेरीज बघणारं, तर मामा आमच्या घरात कायमचे चोर राहिले असते.

दिवाळीला आण्णांनी मामांना कपडे केले आणि पाकीट दिलं. पाकिटात बरोबर बत्तीस लिटरचे पैसे होते. मामांनी कपडे घेतले आणि पाकीट परत ठेवलं. “देणं आसंल तर द्या, आण्णा. बक्षिशी नको.” आण्णा चिडले. एवढं करून वर हा ताठा, असं त्यांना वाटलं असणार. दोन दिवस घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. तिसऱ्या दिवशी काकीनं वहीत ओळ लिहिली, ‘मागील डिझेल कपात परत, ३२ लिटर’, आणि वही आण्णांच्या पुढं न नेता थेट मामांच्या पुढं केली. मामांनी ओळ दोनदा वाचली, सही केली, पैसे मोजून घेतले. त्या दिवसापासून हिशेबातून किलोमीटरच गेले. चिपळूणच्या खेपेपुढं काकी नुसतं ‘५१’ लिहायची. आण्णांनी ते पान बघितलं असणार, पण ते त्यावर कधी काही बोलले नाहीत.

हॉटेलातही ते काही बोलले नाहीत. मामा पुढं आणखी दोन वर्षं आमच्या गाडीवर होते. निघताना पूर्वी त्या हॉटेलात चहा व्हायचा. आता गाडी तिथं थांबत नसे. पहिला चहा ते पाटणला घ्यायचे.