टाका आणि त्याग

लग्नघरात आहेर घेणाऱ्याच्या शेजारी वही घेऊन एक माणूस बसलेला असतो. पाकीट कोणाचे, रक्कम किती, साडी कोणाकडून आली, हे सगळे त्या वहीत उतरते आणि पुढे त्या नातेवाइकांकडे कार्य निघाले की वही पुन्हा उघडली जाते. यात कमीपणा काही नाही. नाती सांभाळण्याची ती जुनी, प्रामाणिक रीत आहे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यांनी १९२५ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या दीर्घ निबंधात दूरदूरच्या समाजांची उदाहरणे घेऊन हेच मांडले. देणे, घेणे आणि परत करणे ही तीन बंधने एकमेकांत अशी गुंतलेली असतात की एक पाळले की उरलेली दोन मागोमाग येतातच. पण मग एक प्रश्न उभा राहतो. जे परत येणार हे दोघांनाही ठाऊक आहे, त्याला देणे म्हणायचे की उसनवार? आणि आपले ग्रंथ ज्याला निरपेक्ष दान म्हणतात, ते प्रपंचातल्या माणसाला आपल्याच भावंडांत, मित्रमैत्रिणींत कधी साधणे शक्य आहे का? माझ्या मते शक्य आहे. त्याचा पुरावा कुठल्या राजाच्या दानपत्रात शोधायला नको. मैत्रिणीच्या बाळासाठी किंवा भावाच्या नव्या घरासाठी फुलीच्या टाक्याने भरलेल्या एखाद्या लहानशा कापडात तो सापडतो.

हे काम कसे चालते ते आधी पाहू, कारण युक्तिवाद त्यातूनच निघतो. क्रॉस स्टिचला मोजणीचे कापड लागते, आपल्याकडे मॅटी म्हणतात तसे, ज्यात उभ्याआडव्या धाग्यांची घरे डोळ्यांना स्पष्ट दिसतात. प्रत्येक घरात एक तिरका टाका, त्यावर उलट्या दिशेने दुसरा, की झाली एक फुली. सगळ्या फुल्यांचा वरचा पाय एकाच बाजूला झुकलेला हवा, नाहीतर नक्षीची चमक तुटते. इंचाला १४ घरे असलेले कापड घेतले आणि सहा इंच लांबरुंद चौकोन पूर्ण भरायचा ठरवला, तर ८४ गुणिले ८४ म्हणजे ७,०५६ फुल्या होतात. एका फुलीसाठी सुई चार वेळा कापडातून जाते, म्हणजे एवढ्याशा चौकोनासाठी २८,२२४ वेळा. मिनिटाला पाच फुल्या धरल्या तरी साडेतेवीस तास लागतात, आणि त्यात एक घर चुकले म्हणून उसवलेल्या ओळी धरलेल्या नाहीत. कापड आणि रेशमाच्या लडी यांचा खर्च मोजता येतो, तो फार नसतो. म्हणजे या भेटीत वस्तू थोडी आणि काळ पुष्कळ असतो. दुकानातून आणलेल्या भेटीतही काळ असतो हे खरे, पैसे कमवायला तोही लागलाच. पण तो काळ कोणासाठीही वापरता आला असता. नोटेवर कोणाचे नाव नसते. भरतकामातला प्रत्येक तास मात्र जाण्याआधीच एका माणसाच्या नावाने बाजूला काढलेला असतो.

इथे मीमांसकांचा एक बारीक भेद उपयोगी पडतो. जैमिनीच्या सूत्रांवरील भाष्यात शबरस्वामींनी याग, होम आणि दान यांची तुलना केली आहे. तिन्हींत समान गोष्ट एकच, ती म्हणजे उत्सर्ग, हातातले सोडणे. यागात देवतेला उद्देशून द्रव्य सोडले की पुरे. होमात ते अग्नीत टाकण्याची क्रियाही जोडली जाते. दानात आपली मालकी सोडण्याबरोबर दुसऱ्याची मालकी निर्माण व्हावी लागते. म्हणूनच धर्मशास्त्रकारांनी घेणाऱ्याच्या स्वीकाराला इतके महत्त्व दिले; स्वीकारावाचून दान पुरे होत नाही. आता ही चौकट भरलेल्या कापडाला लावून पाहा. कापड हातात देण्याचा क्षण दान खराच, त्या क्षणी मालकी बदलते. पण त्याआधीच्या साडेतेवीस तासांत काय घडत होते? कोणाला तरी मनाशी उद्देशून काळ सोडला जात होता, आणि त्याला स्वीकाराची गरज नव्हती, कारण ज्याच्यासाठी तो सोडला जात होता त्याला त्याचा पत्ताही नव्हता. यज्ञात आहुती सोडताना यजमान ‘न मम’ म्हणतो, ‘हे माझे नाही’ म्हणतो. भरणाऱ्या हाताने हे शब्द उच्चारले नाहीत तरी प्रत्येक टाक्यासरशी गेलेला क्षण परत येत नाही, आणि तो एकाच्याच नावाने गेलेला असतो. या भेटीत दोन त्याग आहेत. पहिला काळाचा, तो यागाच्या जातीचा. दुसरा वस्तूचा, तो दानाचा. आहेराच्या वहीत फक्त दुसऱ्याची नोंद होऊ शकते. पहिल्यासाठी तिच्यात रकानाच नाही.

दानाची सर्वांत परिचित कसोटी गीतेच्या सतराव्या अध्यायात, विसाव्या ते बाविसाव्या श्लोकांत आहे. द्यायला हवे म्हणून, योग्य स्थळी, योग्य वेळी, योग्य माणसाला आणि ज्याच्याकडून उलट उपकाराची आशा नाही अशाला दिलेले ते सात्त्विक. परतफेडीवर किंवा फळावर नजर ठेवून, अथवा जिवावर आल्यासारखे दिलेले ते राजस. अवेळी, अपात्री, अनादराने दिलेले ते तामस. हाताने केलेल्या भेटी पुष्कळदा ज्याच्याकडे वळतात तो माणूस या पहिल्या व्याख्येत नेमका बसतो. तो म्हणजे नवे बाळ. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जेन बोस्टॉक या स्त्रीने १५९८ साली भरलेला एक नमुनापट, म्हणजे टाक्यांचे नमुने भरलेले कापड, आहे. ब्रिटनमधला तारीख असलेला तो सर्वांत जुना नमुनापट मानला जातो. फुलीच्या टाक्याच्या एका प्रकारासह अनेक टाके त्यावर आहेत, आणि वरच्या भागात अ‍ॅलिस ली या मुलीच्या १५९६ मधल्या जन्माची नोंद सुईने लिहिली आहे. पट पुरा झाला त्या साली ती मुलगी दोन वर्षांची होती. वाचू शकत नव्हती, आभार मानू शकत नव्हती. आपल्याकडचा बाळंतविडा याच समजुतीवर उभा आहे. झबली, टोपडी, कुंची, दुपटी, लाळेरी, हे सारे अशा जिवासाठी शिवायचे की ज्याला ते आठवणारसुद्धा नाही आणि जो वर्षभरात त्यातून वाढून बाहेर पडणार आहे. असे देणे घराघरांत घडत आले आहे. निरपेक्ष दान ही केवळ ग्रंथातली कल्पना नाही, याला एवढी साक्ष पुरेशी आहे.

पण बाळाचे उदाहरण सोपे आहे, आणि विरोधी मत मांडणारा नेमके हेच म्हणेल. बाळ परत देऊच शकत नाही. खरी परीक्षा बरोबरीच्या माणसाशी. फ्रेंच तत्त्वज्ञ जाक देरिदा यांनी १९९१ मध्ये पुस्तकरूपाने मांडलेल्या विचारानुसार भेट ही भेट म्हणून ओळखली गेली, त्याच क्षणी ऋण जन्माला येते आणि भेट भेट राहत नाही. शिवाय साडेतेवीस तासांचे ऋण पाचशे रुपयांच्या ऋणापेक्षा जड नाही का? पाकिटाला पाकिटाने उत्तर देता येते, या कापडाला कशाने द्यायचे? आक्षेप वजनदार आहे. ऋण निर्माण होते हे मला मान्य आहे. पण सगळी ऋणे एकाच रीतीने फिटत नाहीत, हे आपल्या परंपरेला फार पूर्वी कळले होते. तैत्तिरीय संहितेत ब्राह्मण तीन ऋणे घेऊन जन्मतो असे म्हटले आहे, आणि त्यांतल्या दोन ऋणांची फेड पाहण्यासारखी आहे. ऋषींचे ऋण अध्ययनाने फिटते, म्हणजे विद्या पुढे चालती ठेवण्याने. पितरांचे ऋण संततीने फिटते. ज्याने दिले त्याच्या हातात काही परत जात नाही, तरी ऋण फिटते, कारण ते पुढे जाते. हाताने केलेल्या भेटीचे ऋण या जातीचे आहे. मैत्रिणीने भरून दिलेल्या उशीच्या अभ्र्याची परतफेड दुसऱ्या अभ्र्याने करायला निघालो तर ते हास्यास्पद होते, हे कोणालाही न शिकवता कळते. पण ज्याला कधीतरी कोणाचे तास मिळाले, तो आपले तास तिसऱ्या कोणासाठी काढायला शिकतो. हे ऋण जड आहे, पण वाहत्या पाण्यासारखे जड; ते साचून राहिले तरच गळ्याशी येते.

दुसरा आक्षेप वेगळ्या बाजूने येतो. भरतकाम करणाऱ्याला ते आवडते, त्यात मन रमते, मग त्याग कसला? शिवाय नक्षी बहुतेक वेळा छापील आलेखावरून घर मोजून उतरवलेली असते, तीत त्याचे स्वतःचे काय? पहिल्या भागाचे उत्तर गीतेच्या त्याच श्लोकांत आहे. क्लेशाने, कुढत दिलेल्याला गीता राजस म्हणते. म्हणजे दुःख हे दानाचे माप नाही. आनंदाने दिल्याने दान कमी होत नाही, उलट शुद्ध होते. नक्षी उसनी असण्याच्या आक्षेपाला कसुतीकडे पाहून उत्तर देता येते. धारवाड भागातली ही कला आपल्याकडच्या बायकांना इरकली लुगड्यांमुळे ओळखीची आहे. तिच्यातल्या फुलीच्या टाक्याला मेथीच्या दाण्यावरून मेंथी म्हणतात. कसुतीतले गोपूर, रथ, तुळशीवृंदावन, हत्ती हे नमुने कोणा एकीचे नाहीत; ते पिढ्यांपिढ्यांचे आहेत, कापडावर आधी न काढता धागे मोजून भरले जातात, आणि मागची बाजूही नीट दिसावी म्हणून गाठ मारत नाहीत. नवेपणा हा कलाकाराचा धर्म असेल, पण देणाऱ्याचा धर्म लक्ष देणे हा आहे. मोजणी चुकू न देता एका माणसासाठी हजारो वेळा लक्ष देणे, आणि जी बाजू घेणारा कदाचित कधी उलटून पाहणार नाही तीही साफ ठेवणे, यात उसने काही नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. या सुईदोऱ्याच्या मागे बायकांच्या सक्तीचा इतिहास आहे. रोझिका पार्कर यांनी १९८४ च्या ‘द सबव्हर्सिव्ह स्टिच’ या पुस्तकात युरोपातल्या भरतकामाने मुलींना नम्र, निमूट आणि घरबशी बनवण्याचे काम कसे केले ते तपशिलाने दाखवले. आपल्याकडे रुखवताचे टेबल आहे. त्यावरची आसने, तोरणे, अभ्रे, रुमाल पाहून मुलीच्या हाताची परीक्षा होत असे, आणि परीक्षक सासरचे असत. तिथे टाका देणगी राहत नाही, तो लायकीचा दाखला होतो. हे नाकारून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पण या इतिहासातून निघतो तो निष्कर्ष असा, की ज्याला नाही म्हणण्याची मुभा नाही त्याचा त्याग त्याग ठरत नाही. मीमांसकांच्या व्याख्येतही सोडणारा आधी मालक असावा लागतो. जे माझे नव्हतेच ते मी सोडणार कसे? ज्या मुलीचा काळ तिचा नव्हता, तिने तो दिला असे म्हणता येत नाही, तिच्याकडून तो घेतला गेला. म्हणून आज कोणी, बाई असो वा पुरुष, स्वतःच्या खुशीने सुई हातात घेतो, तेव्हा तो त्या सक्तीची परंपरा चालवत नाही. जे हिसकावले जात होते तेच आता खऱ्या अर्थाने देता येते.

राहिला शेवटचा आक्षेप. भुकेल्या जगात इतके तास एका शोभेच्या कापडावर का घालवावेत? तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांनी १९७२ मध्ये दुष्काळाच्या संदर्भात प्रसिद्ध केलेल्या निबंधापासून हा प्रश्न टाळता येण्यासारखा राहिलेला नाही. भुकेल्याला धान्यच द्यावे, भरलेला रुमाल देऊ नये. देश, काळ, पात्र या विचाराचाही अर्थ तोच, आणि हाताने केलेल्या कोणत्याही भेटीने ते कर्तव्य फिटत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे, की हिशेबाची सवय जिथे सर्वांत खोल रुजलेली असते, त्या बरोबरीच्या नात्यांत हिशेबापलीकडचे देणे साधते की नाही, याचे उत्तर या कापडात मिळते. बरोबरीच्या माणसाशी हिशेब सोडायला जो शिकला, तो गरजूला देताना उपकाराची भाषा बोलण्याची शक्यता कमी.

तरी एक अट उरते, आणि सारे तिच्यावर अवलंबून आहे. पहिला त्याग काळच करून टाकतो. गेलेला तास आपण मागितला तरी मिळत नाही. दुसरा त्याग मात्र दर वेळी नव्याने करावा लागतो. भेट दिल्यावर ती भिंतीवर लावली का, पाहुण्यांना दाखवली का, की कपाटाच्या तळाशी गेली, याची चौकशी मनात सुरू झाली, की मालकी सुटलेली नसते. ‘मी तुझ्यासाठी इतके केले’ हे वाक्य ओठांवर आले, की साडेतेवीस तास एका दमात वहीत उतरतात, आणि तेही सर्वांत महाग दराने. न फिटणारे ऋण हाताशी ठेवून माणसाला बांधून घालणे हा तर दानाच्या बुरख्यातला सर्वांत कठोर व्यवहार आहे. म्हणून भरतकामाचा खरा शेवटचा टाका कापडावर पडत नाही. सुई डबीत ठेवल्यावर, कापड दुसऱ्याच्या हातात गेल्यावर, त्याचे पुढे काय होईल तो प्रश्न आता आपला नाही असे मनाशी ठरते, तेव्हा तो पडतो. तो टाका पडला असेल, तर भेट लाळेऱ्यासारखी वापरून विटून गेली तरी दान पुरे झालेले असते. तो राहिला असेल, तर काचेच्या चौकटीत शंभर वर्षे जपलेले कापडही अजून देणाऱ्याच्याच हातात आहे.