आसा राजाचे पाय



दुसऱ्या इतिहासाच्या १६ व्या अध्यायात आसा राजाची हकीकत आहे. राज्याच्या ३९ व्या वर्षी त्याचे पाय रोगाने ग्रासले. तेव्हा देवाला विसरून तो केवळ वैद्यांच्या मागे लागला. ह्यावरून कित्येक भाविक असे अनुमान काढितात की, औषध घेणे हा अविश्वास होय, आणि मधुमेहाच्या गोळ्या टाकून देतात. परंतु आसाचा दोष वैद्याकडे जाण्यात नव्हता, देवाला सोडण्यात होता. हिज्कीया राजाची प्रार्थना देवाने ऐकिली, तरी यशयाने त्याच्या गळवावर अंजिरांचा लेप लावविलाच. पौलाचा सोबती लूक हाही वैद्यच होता.

मधुमेह हा मुकाट्याने घर पोखरणाऱ्या वाळवीसारखा आहे. रक्तातील साखर वर्षानुवर्षे अधिक राहिली म्हणजे बारीक रक्तवाहिन्या व मज्जातंतू बिघडतात. त्यामुळे दृष्टी जाते, मूत्रपिंडे निकामी होतात, हृदयविकार व पक्षाघात ह्यांचे भय वाढते. पाय बधिर होतात. मग काटा रुतला तरी कळत नाही. रक्त नीट न पोहोचल्याने जखम भरत नाही, ती सडते, आणि शेवटी पाय कापण्याचा प्रसंग येतो. दुखत नाही म्हणून आपण निश्चिंत असतो. पण ज्याचे दुखणे थांबले त्याचे संकट टळलेच असे नाही. पापाने बधिर झालेल्या मनाचीही हीच गत होय.

ह्यास्तव काय करावे? उपाशीपोटी साखर डेसिलिटरमागे १२६ मिलिग्रॅम किंवा अधिक अशी पुनःपुन्हा आढळल्यास तो मधुमेह जाणावा. बरे वाटते म्हणून औषध आपल्या मनाने बंद करू नये. रक्तदाबही आटोक्यात ठेवावा. वर्षातून एकदा तरी डोळे, लघवी व पाय तपासून घ्यावे. तंबाखू व विडी सोडावी. शेतात अनवाणी जाऊ नये. वहाण घालण्यापूर्वी आत खडा आहे की काय हे पाहावे. पाय शेकू नयेत, भोवरी पात्याने कापू नये. औषध चालू असता उपास करावयाचा तर आधी डॉक्टरांस विचारावे.

१९२१ साली टोरांटो येथे इन्सुलिनचा शोध लागला व १९२२ च्या जानेवारीत ते प्रथम एका १४ वर्षांच्या मुलास टोचण्यात आले. त्यापूर्वी ज्या मुलांना इन्सुलिनवाचून जगता येत नाही, ती थोड्याच काळात मरत. असे ज्ञान हेही देवाचे दान आहे; ते नाकारणे म्हणजे भक्ती नव्हे.

उपदेशक बंधूंनो, प्रभूने कंबरेस रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले. म्हाताऱ्या माणसास आपले तळवे दिसत नाहीत. तेव्हा घरोघर सांगा की, सुनेने सासूचे, मुलाने बापाचे, पतिपत्नींनी एकमेकांचे पाय रोज रात्री धुवावे, बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्या आणि दिव्याजवळ नीट पाहावे. फोड वा जखम दिसल्यास त्याच रात्री प्रार्थना करावी, व सकाळ होताच दवाखान्याची वाट धरावी.