जरा, चेहरा आणि फिलर

फिलर म्हणजे चेहऱ्याच्या त्वचेखाली सुईने भरला जाणारा पदार्थ. सध्या हायल्युरॉनिक आम्लाचे जेल सर्वाधिक वापरले जाते. हे आम्ल शरीरात मुळातच असते. कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी १९३४ मध्ये ते गाईच्या डोळ्यातून वेगळे काढले. वयानुसार चेहऱ्यातली चरबी आटते, हाड झिजते, त्वचा सैल पडते. पाणी धरून ठेवणारे जेल खोलगट भाग उचलते. पण परिणाम कायमचा नसल्यामुळे सुई पुन्हा पुन्हा घेतली जाते आणि अतिरेकाची वाट तिथून सुरू होते. ओघळलेली त्वचा ताणण्यासाठी भर घालत गेले की चेहरा तरुण दिसण्याऐवजी फुगीर दिसतो. डोळा त्याला सरावतो आणि पुढची भर कमीच वाटते. जेल चुकून रक्तवाहिनीत गेले तर त्वचा मरते, क्वचित दृष्टीही जाते.

किती भरावे, हा वैद्यकाचा प्रश्न. वार्धक्य हा दुरुस्त करण्याजोगा दोष आहे का, हा तत्त्वज्ञानाचा.

भारतीय परंपरेने तारुण्याची इच्छा सरसकट निषिद्ध मानलेली नाही. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी रसायन हे अंग जरा म्हणजे वार्धक्य लांबवण्यासाठीच आहे, आणि चरकसंहितेतले चिकित्सास्थान त्यापासूनच सुरू होते. मात्र त्याच अध्यायात आचार-रसायन येते. खरे बोलणे, क्रोध आवरणे, वृद्धांची सेवा करणे हेही तिथे रसायनच ठरते. जरा लांबवू पाहणाऱ्याने वृद्धांचा आदर करावा, असे सांगणारे शास्त्र जरेवरचा उपाय आणि जरेचा तिरस्कार यांत फरक करते.

च्यवनप्राशाला ज्यांचे नाव मिळाले त्या च्यवन ऋषींची कथा महाभारताच्या वनपर्वात आहे. अश्विनीकुमारांच्या सांगण्यावरून वृद्ध च्यवन त्यांच्यासह सरोवरात उतरले आणि तिघेही तरुण, देखणे आणि हुबेहूब सारखे होऊन बाहेर आले. त्यांतून आपला पती ओळखण्याचे काम सुकन्येवर आले. तिने तो ओळखला. पण त्यासाठी रूपाचा उपयोग उरला नव्हता. निर्दोष तारुण्य मिळताच चेहऱ्याचे वेगळेपण गेले होते. अतिरेकाने भरलेले चेहरेही असेच एका साच्यातले दिसू लागतात: तेच उंच गाल, तेच भरीव ओठ. चेहरा ज्याचा त्याचा असला, तरी त्यावरून माणूस ओळखतात ते इतर लोक. त्यामुळे त्यातला बदल निव्वळ खासगी राहत नाही.

वि. स. खांडेकरांच्या कादंबरीमुळे मराठी वाचकांच्या परिचयाचा झालेला ययाती दुसरी बाजू दाखवतो. शुक्राचार्यांच्या शापाने अकाली वृद्ध झालेल्या या राजाने पूरू या मुलाचे तारुण्य घेतले, हजार वर्षे भोगले आणि अखेर परत केले. तारुण्य अपुरे पडले म्हणून नव्हे, तर भोगाने इच्छा शमत नाही हे उमगले म्हणून. पुरेसे कधी झाले हे इच्छा सांगत नाही. मर्यादा बाहेरून घालावी लागते.

बौद्ध विचारात जरा हे दुःखाच्या रूपांपैकी एक आहे, आणि दुःखापासून सुटण्याची सुरुवात ते नीट पाहण्याने होते. थेरीगाथेत वैशालीची एकेकाळची गणिका आम्रपाली स्वतःचे केस, डोळे, दात, मान अशा एकेका अवयवाचे पूर्वीचे रूप आणि आताचे रूप शेजारी ठेवते. सौंदर्य हीच जिची ख्याती, तीच ते ओसरल्याची साक्ष देते. तिच्या दृष्टीने जरा झाकली तर जे जाणायचे तेच निसटते.

या तिन्ही कथांमधून फिलरवर सरसकट बंदी निघत नाही. एचआयव्हीबाधितांच्या गालांतली चरबी झडल्यावर त्या खोलगट गालांवरूनच आजार ओळखला जात असे. २००४ मध्ये अमेरिकेत पॉली-एल-लॅक्टिक आम्लाच्या फिलरला मान्यता मिळाली ती याच उपचारासाठी. तिथे सुई माणसाला त्याचा हरवलेला चेहरा परत देते. अतिरेकात तीच सुई ओळखीचा चेहरा काढून घेते. फरक पदार्थात नाही, हेतूत आणि थांबण्याच्या जागेत आहे.